आठ पेडी आसूड

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की धर्मग्रामातील युवकांची पावले आपोआप आमच्या कार्यालयाकडे वळू लागतात. कोणाला तालमीसाठी शाळेचे सभागृह हवे असते, कोणाला रोमन शिपायांच्या शिरस्त्राणांसाठी पत्रा, तर कोणाला पिलाताच्या हात धुण्याच्या प्रसंगासाठी पितळी तस्त. २०२५ च्या जानेवारीत आलेली मागणी मात्र निराळी होती. "फादर, यंदा चाबूक खरा पाहिजे."

मागणीमागे इतिहास होता. गुड फ्रायडेच्या आमच्या देखाव्यात आजवर काथ्याची दोरी काळ्या रंगात बुडवून चाबूक म्हणून वापरली जात असे. आदल्या वर्षी ती नीट वाळलेली नव्हती. शिपायाने हात उगारला आणि रंगाचे शिंतोडे पुढच्या रांगेतील पांढऱ्या साड्यांवर उडाले. मुले हसली. त्यांच्या मागे बसलेले मोठेही, तोंडावर हात ठेवून का होईना, हसले. प्रभूला खांबाला बांधलेले आणि मंडपात हशा! त्या रात्री आमचेही मन खट्टू झाले होते. म्हणून युवकांना आम्ही होकार दिला आणि खऱ्या चाबकाचा शोध स्वतःच्या अंगावर घेतला.

शोध घेणे वाटले तितके सोपे निघाले नाही. वसईच्या बाजारात एके काळी कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा आणि चाबूक एकाच दुकानात मिळत. आता तेथे नायलॉनच्या दोऱ्या मिळतात आणि प्लास्टिकच्या बादल्या. एका युवकाने मोबाइलवर मागवलेला चाबूक घरपोच आला. तो हातात घेतला तेव्हा खेळण्यातला वाटला आणि वासाने रबराचा.

वास म्हटला की आम्हांला आमच्या वाडीतला रहाट आठवतो. आमच्या लहानपणी, म्हणजे १९७५ च्या आसपास, गावातील बहुतेक विहिरींवर पंप बसले होते. पण वडिलांचा पंपावर विश्वास नव्हता आणि त्यांच्याजवळ पंपासाठी पैसेही नव्हते. यांतले खरे कारण कोणते, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. रहाटाला रेडा जुंपलेला असे. त्याच्या डोळ्यांना झापड, आणि मागे फिरत्या लाकडावर बसलेले आम्ही. पाणी केळीच्या बुंध्यांकडे धावत असे, रहाट कुरकुरत असे आणि आमच्या हातात वडिलांचा चाबूक असे. घामाने काळी पडलेली त्याची मूठ, तेलाचा आणि जनावराचा मिळून झालेला त्याचा वास! वडील तो हवेत एकदाच वाजवीत आणि रेडा चालू लागे. आम्हांला तसे वाजवता येत नसे, म्हणून आम्ही मारीत असू. रेड्याच्या पाठीवर उमटलेला वळ वडिलांनी एकदा पाहिला. ते रागावले नाहीत. त्यांनी चाबूक आमच्या हातातून घेतला, घरातल्या सर्वांत उंच खुंटीला टांगला आणि पुढला आठवडाभर आम्हांला रेड्यासमोर चालत राहून त्याला चारा दाखवीत फिरवावयास लावले.

कोल्हापूरच्या बाजूला सेवाकार्य करणारे आमचे एक सहाध्यायी आहेत. सेमिनरीत आमच्या शेजारच्या खाटेवर झोपणारे हे गृहस्थ आजही रात्री दहानंतर फोन उचलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी उचलला. "कोल्हापूरला या," ते म्हणाले. "पायताणे करणारे शेकडो आहेत. आसूड वळणारा एक म्हातारा अजून आहे."

रेल्वेने जाताना आम्ही मनाशी थोडी उजळणी केली. या शहराच्या चर्मकारीला छत्रपती शाहू महाराजांनी दिलेला आधार आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या या राजाने कातड्याच्या कामाला हात लावणाऱ्या माणसालाही माणूस म्हणून वागवले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. पुढे २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या रंगमंचावर तशाच चपला मिरवल्या, ओरड झाल्यावर त्यांचे मूळ भारतात असल्याचे मान्य केले आणि कोल्हापूरचे नाव जगभर झाले. आम्ही गेलो तेव्हा मात्र सुभाषनगरच्या त्या गल्लीत कोणालाही मिलान ठाऊक नव्हते. दारोदार माणसे मांडी घालून बसली होती. रापीने कातडे कापले जात होते, आरीने भोके पडत होती आणि दगडावर ठोकण्याचा आवाज एका घरातून दुसऱ्या घरात सरकत होता.

गल्ली म्हाताऱ्यांना मामा म्हणते. म्हणून आम्हीही मामाच म्हणू. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्यावर गांधी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दहा बाय बाराची खोली. भिंतीवर संत रोहिदास, बाबासाहेब आणि शाहू महाराज असे तिघे एका रांगेत, आणि त्यांच्या खाली खिळ्यांना टांगलेले सात-आठ आसूड.

"बैलाला का घोड्याला?" मामांनी मान वर न करता विचारले.

"माणसाला," आम्ही म्हणालो.

रापी थांबली. आम्ही घाईघाईने खुलासा केला. आम्ही पाद्री आहोत, आमच्याकडे गुड फ्रायडेला देखावा होतो, त्यात प्रभू येशूला खांबाला बांधून फटके मारतात, त्या प्रसंगासाठी चाबूक हवा आहे. मामांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हंजे देवाला माराय पायजे."

"होय, तसेच म्हणायचे."

ते हसले नाहीत. आतल्या खोलीकडे वळून त्यांनी आवाज दिला, "ऐकलं का? ह्यास्नी देवाला माराय आसूड पायजे."

आत भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि मामींचे उत्तर आले, "मग मऊ कातडं घाला."

वाचकहो, धर्मशास्त्राचे अध्ययन आम्ही अनेक वर्षे केले आहे. प्रभूच्या दुःखसहनावरची प्रवचने ऐकली आहेत आणि स्वतः दिलीही आहेत. त्या सर्वांत हे एक वाक्य आम्हांला कोठे भेटले नव्हते.

टांगलेल्या आसुडांतला एखादा घेऊन त्याच दिवशी परतावे, असा आमचा बेत होता. मामांनी तो मोडून काढला. टांगलेले आसूड बेंदराच्या गिऱ्हाइकांसाठी, शर्यतवाल्यांसाठी, नाहीतर दिवाणखान्यात शोभेला टांगणाऱ्यांसाठी होते. "नाटकाचं काम येगळं. चार दिस लागतील." आम्ही चार दिवस राहिलो. धर्मग्राम आमच्या सहायक धर्मगुरूंच्या हाती होते. ते तरुण आहेत आणि आमच्या अनुपस्थितीत अधिक चांगले काम करतात, असे ऐकतो.

आसूड वळला जाताना पाहणे हा एक अभ्यासच आहे. आम्ही समजत होतो, कातड्याच्या लांब वाद्या कापायच्या आणि वेणी घालायची. पण सहा फूट लांबीची वादी निघेल एवढे कातडे शेळीला कोठून असणार? मामा कातड्याचा गोल तुकडा घेत आणि कडेकडेने रापी फिरवीत आत आत जात. वर्तुळातून एकच अखंड वादी उलगडत येई. ती प्रथम ताणावयाची. न ताणता वळली तर वर्षभरात आसूड सैल होतो. ताणून झाल्यावर पुन्हा कापायची, या वेळी मुठीकडे रुंद आणि टोकाकडे निमुळती. मग प्रत्येक वादीच्या कडा आतून तासावयाच्या, म्हणजे वेणीत दोन वाद्यांमध्ये फट राहत नाही. मध्ये गाभा असतो, तो म्हशीच्या जाड कातड्याचा आणि तोही निमुळता. त्यावर आठ पेडांची वेणी. आसूड जसजसा बारीक होत जाईल तसतसे पेड एकेक करून आत दडवावयाचे. आठाचे सहा, सहाचे चार. टोकाला वळलेल्या सुताची वीतभर शेपटी. ती झिजते, तुटते, म्हणून बदलता येईल अशीच बांधायची. शेवटी सगळा आसूड दोन फळ्यांमध्ये धरून लाटावयाचा, तेव्हा कोठे तो गोल होतो.

कातडे कोठून आणता, असे विचारल्यावर मामांनी शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवले. पूर्वी भिंतीपलीकडे नात्यातल्या ढोरांचे कुंड होते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडी महिना-महिना मुरत पडत. आता कुंड बुजले. त्यावर मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून बैलाचे कातडे दुर्मिळ झाले. म्हशीचे आणि शेळीचे मिळते, तेही बाहेरगावाहून. गिऱ्हाईकही घटले. नांगराला ट्रॅक्टर आला. बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या, पण शर्यतीत बैलावर चाबूक उगारायचा नाही या अटीवर. "ते बरोबरच हाय," मामा म्हणाले. "पळणारा बैल माराय लागत न्हाई." स्वतःच्या धंद्यावर आलेली अट योग्य म्हणणारा कारागीर आम्ही प्रथमच पाहिला.

तिसऱ्या दिवशी खरी गोष्ट घडली. आसूड वळून झाला होता. मूठ तेवढी बांधायची राहिली होती. मामांनी तो आमच्या हाती देऊन आम्हांला गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत नेले. "वाजवा." आम्ही वाजवला. म्हणजे तसा प्रयत्न केला. आसूड आमच्याच पोटरीवर येऊन बसला आणि धोतर नेसलेले दोन म्हातारे कट्ट्यावर मनापासून हसले. मामांनी तो घेतला. खांदा हलला नाही, मनगट तेवढे पुढे जाऊन मागे आले आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. वरच्या तारेवरचे पारवे उडाले. गल्लीतले सगळे ठोकणे क्षणभर थांबले.

या आवाजामागचे शास्त्र आम्ही पुढे वाचले. मनगटाने दिलेल्या झटक्याने आसुडात एक वळसा तयार होतो आणि तो टोकाकडे धावू लागतो. पुढचा प्रत्येक भाग मागच्यापेक्षा बारीक, हलका. म्हणून तीच शक्ती त्याला अधिक वेगाने नेते. शेवटच्या सुतापर्यंत पोचताना हा वेग ध्वनीच्या वेगालाही, म्हणजे ताशी सुमारे १,२०० किलोमीटरलाही मागे टाकतो. लढाऊ विमान ध्वनीची मर्यादा ओलांडते तेव्हा जो स्फोट ऐकू येतो, त्याचेच हे धाकटे भावंड. विमानाच्या कित्येक शतके आधी गुराख्याच्या हातातून ते जन्मले होते. आसूड निमुळता का, पेड घटवायचे का, सुताची शेपटी कशासाठी, या सर्वांचे उत्तर त्यात आहे. मामांना ते गणित ठाऊक नव्हते; त्यांच्या रापीला ठाऊक होते.

"पण हे ऐका, फादर," मामा आसूड गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "ह्यो आवाजाचा आसूड. ह्यो कुणाला लागत न्हाई. हवेत फुटतो. लागला तर आवाज येत न्हाई. तुमच्या पोरांस्नी सांगा, देवाच्या अंगाकडं ह्यो न्यायचा न्हाई. डोळा जाईल. ह्यो पडद्यामागं वाजवा. अंगावर घालाय दुसरा देतो, मेंढीच्या कातड्याचा, सुट्ट्या शेपट्यांचा. त्याला आवाज न्हाई."

"लागणाऱ्याला आवाज नसतो का?"

"कसा असंल? आवाज केला म्हंजे मार हवेत गेला. मारणारा आवाज करत न्हाई."

आम्ही खोलीत परतलो. मामींनी चहा आणला. तो पीत असताना आमच्या मनात काय चालले होते, ते येथे लिहिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९९८ साली, गुरुदीक्षेला दोन वर्षे झाली असताना, आमच्याकडे डोंगरपट्ट्यातल्या एका वसतिगृहाची जबाबदारी होती. सत्तर मुले, बहुतेक वारली आणि कोकणा. सहावीतल्या एका मुलाने वाघबारशीसाठी घरी जाण्याची रजा मागितली. परीक्षा तोंडावर होती. आम्ही नाही म्हणालो. तो रात्री कुंपण ओलांडून गेला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण होऊन परत आला. आल्या आल्या आमच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेले काहीतरी होते, बहुधा आमच्यासाठी आणलेले. आम्ही कमरेचा पट्टा काढला.

किती फटके मारले, हे आम्ही मोजले होते, म्हणून सांगू शकतो. नऊ. तो ओरडला नाही. शेजारच्या दालनात मुले अभ्यासाला बसली होती. त्यांच्यापैकी कोणालाच काही ऐकू गेले नाही, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यांवरून कळले. दिवाळीच्या सुटीला तो घरी गेला आणि पुन्हा आला नाही. पटावरचे नाव आम्हीच खोडले. शेऱ्याच्या रकान्यात 'गैरहजर' असे लिहिले.

त्या पापाचे निवेदन आम्ही केले आहे आणि क्षमेचे शब्दही ऐकले आहेत. शिक्षणहक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून शाळेत मुलांना मारणे बंद झाले, तेव्हा शिक्षकांच्या सभेत त्या बाजूने आम्ही तावातावाने बोललोही. पण त्या पाड्यावर आम्ही कधी गेलो नव्हतो. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. पाडा वसतिगृहापासून पंधरा किलोमीटर होता.

"साखर कमी झाली का?" मामींनी विचारले. कप आमच्या हातात तसाच होता.

बोलणे दुसरीकडे वळवावे म्हणून आम्ही भिंतीवरच्या एका जाड, ओबडधोबड वळलेल्या दोराकडे बोट दाखवले. तो पोतराजाचा कोरडा होता. मरीआईचा गाडा डोक्यावर घेऊन हिंडणारा पोतराज तो आपल्याच अंगावर ओढतो. मामा तो घायपाताच्या वाखाचा वळतात; कातड्याचा देत नाहीत, कितीही पैसे मिळाले तरी. "सोताला मारणाऱ्याला चांगला आसूड द्यायचा न्हाई," असा त्यांचा नेम आहे. आम्हांला सेमिनरीतले एक वृद्ध प्राध्यापक आठवले. त्यांच्या खणात गाठी मारलेली एक दोरी होती. पूर्वीच्या काळी आत्मदमनासाठी धर्मगुरू आणि मठवासी स्वतःच्या पाठीवर घेत, ती. 'डिसिप्लिन' म्हणून ती दाखवून ते पुन्हा खण बंद करीत. १३४९ साली, युरोपात प्लेगने हाहाकार माजवला असताना, स्वतःला रक्तबंबाळ करीत गावोगाव फिरणाऱ्यांच्या मिरवणुकांना पोप सहावे क्लेमेंट यांनी बंदी केली होती. पोपसाहेबांचे आणि मामांचे या बाबतीत एकमत दिसते.

मामांनाही आमच्या धर्माविषयी कुतूहल होते. देवाला मारले ते का, कोणी, आणि आसूड कसला होता? आम्ही सांगितले की रोमन शिपायांचा चाबूक आखूड असे, अनेक वाद्यांचा. वाद्यांच्या टोकांना हाडांचे किंवा शिशाचे तुकडे ओवलेले असत. यहुदी लोकांत चाळीस फटक्यांची मर्यादा होती आणि चूक होऊ नये म्हणून एक कमी मारीत. संत पौलाने तसे एकोणचाळीस फटके पाच वेळा खाल्ले. रोमन लोकांत अशी मर्यादा नव्हती. हे सारे सांगताना आमच्या लक्षात आले की हे तपशील आपण इतर ग्रंथांतून घेतो. शुभवर्तमानकारांनी त्यावर एक ओळही खर्च केलेली नाही. मत्तय, मार्क आणि योहान दोन-तीन शब्दांत तो प्रसंग उरकतात. लूक तर पिलाताच्या तोंडचा मारण्याचा नुसता विचार नोंदवतो, प्रत्यक्ष फटक्यांविषयी बोलतच नाही. ज्यांनी पाहिले, ज्यांनी पाहणाऱ्यांकडून ऐकले, त्यांना ते लिहवले नसावे. मेल गिब्सन यांचा २००४ सालचा चित्रपट आल्यापासून मात्र हा प्रसंग लांबवण्याची हौस सगळीकडेच वाढली आहे. आमच्या युवकांच्या संहितेत तो सात मिनिटांचा होता.

"पण प्रभूनेही एकदा आसूड वळला होता," आम्ही म्हणालो. यरुशलेमच्या मंदिरातल्या व्यापाऱ्यांना त्याने हाकलले ती कथा सांगितली. दोऱ्यांचा कोरडा केल्याचे एकटा योहानच सांगतो.

मामा प्रथमच खुलले. "त्यानं सोता वळला?"

"स्वतः."

"किती पेडी?"

याचे उत्तर पवित्र शास्त्रात नाही, हे आम्हांला कबूल करावे लागले. "बसल्या जाग्याला वळला म्हंजे तिपेडीच असणार," मामांनी निर्णय दिला. "आन् दोरीचा म्हंजे आवाजाचा. कुणाला लागला नसंल."

निघताना एक गोष्ट मनात घोळत होती, ती सांगून टाकतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात संत पेत्र यापो येथे समुद्राकाठी शिमोन नावाच्या चांभाराच्या घरी बरेच दिवस राहिल्याचे लिहिले आहे. मेलेल्या जनावराला हात लावणारा तो धंदा यहुद्यांच्या लेखी विटाळाचा होता. त्याच घराच्या धाब्यावर पेत्राला ते दर्शन झाले. देवाने जे शुद्ध केले त्याला तू अपवित्र मानू नकोस, असे त्याला तिथे कळले. आपण हे वाचन दरवर्षी ऐकतो. तरीही आपल्या धर्मग्रामांत सोयरिकीच्या बैठकीत, बाप्तिस्म्याची नोंदवही जुनी असो वा नवी, कोणती विचारणा आधी होते, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. आम्ही चार दिवस मामांच्या घरी चहा प्यालो याचे आम्हांला थोडे कौतुक वाटू लागले होते. हे कौतुक वाटणे हाच तो जुना रोग, हे परतीच्या गाडीत ध्यानी आले.

व्यवहार राहिलाच. धर्मग्राम परिषदेने दीड हजार रुपये मंजूर केले होते. मामांनी दोन्ही आसुडांचे मिळून दोन हजार आठशे सांगितले. सवयीने आमच्या तोंडून "देवाचे काम आहे," असे निघून गेले. मामांनी बोटे मोडून दाखवली: चार दिवस, दोन कातडी, सूत, तेल. "देवाचं काम हाय म्हनून तर लबाडी केली न्हाई." सणाच्या रोषणाईवाल्याला आणि ध्वनिवर्धकवाल्याला आपण अशी घासाघीस करीत नाही. आम्ही पूर्ण रक्कम दिली. वरचे तेराशे आमच्या खिशातून गेले, हे परिषदेच्या सभासदांनी येथे प्रथमच वाचावे.

परतल्यावर युवकांना एकत्र बसवून मामांची अट सांगितली. त्यांची थोडी निराशा झाली. खरा चाबूक खऱ्या पाठीजवळ न्यायचा नाही, हे त्यांना पटेना. मग एकाला तो वाजवायला दिला. त्याच्याही पोटरीवर तो बसला आणि प्रश्न मिटला. सात मिनिटांचा प्रसंग आम्ही दीड मिनिटावर आणला. त्यावरही वाद झाला. त्याचा तपशील लिहीत नाही.

मार्च महिन्यात, प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही त्या पाड्यावर गेलो. घर होते, दाराला कुलूप होते. शेजारच्या बाईने सांगितले की म्हातारी वारली, मुलगा बोईसरला कंपनीत कामाला आहे, दोन मुली आहेत, सणाला येतो. कोणत्या सणाला, असे आम्ही विचारले नाही. चिठ्ठीवर आमचे नाव आणि फोन क्रमांक लिहून तिच्याकडे दिला. काय काम होते, असे तिने विचारले. "भेटायचे होते," एवढेच सांगता आले.

१८ एप्रिलला गुड फ्रायडेचा देखावा झाला. पडद्यामागे आसूड नऊ वेळा वाजला. हा आकडा आम्ही कोणाला सांगितलेला नव्हता; वाजवणाऱ्या मुलाने आपल्या मनाने तेवढे वाजवले. पुढे खांबाशी मेंढीच्या मऊ शेपट्या आवाज न करता उठत होत्या, पडत होत्या. कोणी हसले नाही. पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीने आईच्या कुशीत तोंड लपवले. आम्ही पायरीवर बसलो होतो. आम्हीही खाली पाहत होतो.

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या सोमवारी दुपारी फोन वाजला. क्रमांक अनोळखी होता. उचलताना आमचा हात स्थिर नव्हता, हे कबूल करतो. पलीकडून कोल्हापूरचा आवाज आला. नातवाच्या फोनवरून मामा बोलत होते.

"फादर, झालं का नाटक? आवाज कसा आला?"

"चांगला आला, मामा. मंडप हादरला."

"कुणाला लागला न्हाई न्हवं?"

थोडा वेळ आम्ही बोललो नाही. "नाही," आम्ही म्हणालो. "यंदा नाही."

"मग पावसाच्या आधी तेलाचा हात फिरवून ठिवा," मामा म्हणाले. "आन् घडी घालू नका. खुंटीला टांगा."